नेट कधीमधीच मिळत असेल तर कॉम्प्युटरवर मेल कसा बसवायचा

आमच्या वाडीत लाईट गेली की दीड-दोन तासांत मोबाईलचा टॉवरही जातो. मग रेंज हवी असेल तर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, चढायचं. तिथे एका जांभ्याच्या गडग्यापाशी फोनला दोन काड्या मिळतात, त्याही ढग कसे आहेत ते बघून. शेजारचे काका काजूचा छोटा कारखाना चालवतात. ऑर्डरी, बिलं, ट्रान्सपोर्टवाल्याचे निरोप, सगळं मेलवर येतं. गेल्या पावसाळ्यात एकदा ते लॅपटॉप पिशवीत घालून वर गेले, फोनच्या हॉटस्पॉटला जोडला, सतरा नवे मेल दिसले, खूश होऊन झाकण मिटलं आणि खाली उतरले. घरी येऊन उघडतात तर प्रत्येक मेलचा विषय आहे, पाठवणाऱ्याचं नाव आहे, आत काहीच नाही.

"अरे, पाकिटं आली रे, आतली पत्रंच नाहीत!"

"काका, तुम्ही पाकिटं बघूनच उतरलात. पत्रं अजून वरच आहेत."

हा लेख त्या पत्रांसाठी आहे. ज्यांचा कॉम्प्युटर दिवसातून एकदा-दोनदाच नेटला लागतो, त्यांच्यासाठी मेल असा बसवायचा की नेट असेल त्या दहा मिनिटांत सगळं उतरावं, आणि वाचणं, शोधणं, उत्तरं लिहिणं ही कामं नंतर घरी निवांत व्हावीत. ब्राउझरमध्ये मेल उघडण्याची सवय इथे कामाची नाही, कारण तिथे प्रत्येक क्लिकला नेट लागतं. जीमेलची क्रोममध्ये ऑफलाईन सोय आहे, पण ती जीमेलपुरतीच आणि ठरावीक दिवसांपुरतीच. त्यामुळे आपण मेल उतरवून घेणारा वेगळा प्रोग्राम वापरणार आहोत: थंडरबर्ड. मोझिलाच्या घरातला, फुकट, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालणारा. २००४ च्या डिसेंबरात त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. मेनूंची नावं मी इंग्रजी थंडरबर्डमध्ये दिसतात तशीच देतो. तुमच्या आवृत्तीत एखादं बटण इकडचं तिकडे असू शकतं, नावं मात्र बहुतेक तीच असतात.

आधी पॉप की आयमॅप ते ठरवा

खातं जोडताना थंडरबर्ड विचारतो: आयमॅप की पॉप३? बरेच जण वर जे असेल ते दाबून मोकळे होतात. पण एकदा जोडलेलं खातं नंतर एका प्रकारातून दुसऱ्यात बदलता येत नाही, नव्याने जोडावं लागतं. म्हणून इथे पाच मिनिटं थांबा.

पॉप म्हणजे पोस्टात जाऊन आपली टपाल उचलून आणणं. प्रोग्राम सर्व्हरवर (मेल देणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर) जातो, इनबॉक्समधले नवे मेल पूर्ण उतरवतो आणि निघून येतो. घरी आणलेला मेल तुमच्या डिस्कवर असतो, तुम्ही त्याचं काहीही केलंत तरी सर्व्हरला त्याचा पत्ता नसतो. आयमॅपमध्ये खरी टपाल सर्व्हरवरच राहते आणि तुमच्याकडे तिची नक्कल असते. तुम्ही इथे एक मेल वाचलात, की पुढच्या जोडणीत तो तिथेही वाचलेला होतो. इथे पुसलात तर तिथूनही जातो. फोल्डर, पाठवलेले मेल, सगळं फोनवर आणि लॅपटॉपवर सारखं दिसतं.

पॉपचा जन्मच आपल्यासारख्यांसाठी झाला. त्याचा पहिला मसुदा १९८४ चा. आज वापरात असलेल्या तिसऱ्या आवृत्तीच्या १९९६ च्या दस्तऐवजात कारण स्वच्छ लिहिलंय: छोट्या कॉम्प्युटरला बराच वेळ नेटवर्कला जोडून ठेवणं महाग पडतं, किंवा जमतच नाही. आपल्याकडे व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्या डायल-अपच्या दिवसांत फोनचं मीटर पळायचं म्हणून पत्रं आधी लिहून ठेवायची, मग मोडेमची ती किंचाळी ऐकायची, 'सेंड अँड रिसीव्ह' दाबायचं आणि लाईन तोडून टाकायची. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना या लेखातलं निम्मं आधीच येतं.

आयमॅप १९८६ चं, स्टॅनफर्डमधल्या मार्क क्रिस्पिन यांचं. ते जोडलेल्या कॉम्प्युटरसाठी जास्त सोयीचं, पण नक्कल उतरवून ठेवायला सांगितलं तर ऑफलाईनही उत्तम चालतं.

माझा सल्ला असा. मेल एकाच लॅपटॉपवर बघत असाल, फोनवर बघत नसाल, तर पॉप घ्या. त्यात चुकायला जागा कमी आहे आणि आलेला मेल पूर्ण येतो, पाकीट एकीकडे आणि पत्र एकीकडे होत नाही. तोच मेल फोनवरही बघत असाल (आणि आता कोण बघत नाही?) तर आयमॅप घ्या, पण पुढे सांगतो ती सेटिंग्ज केल्याशिवाय सोडू नका. काकांना फोनवरही मेल हवा असतो, म्हणून त्यांच्याकडे आयमॅप आहे.

पॉप घेतलंत तर सर्व्हर सेटिंग्जमध्ये 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर' ला टिक करा. त्याच्याखाली 'फॉर अ‍ॅट मोस्ट' आणि दिवसांचा आकडा असतो, तो १४ असतो. माझ्या मते १४ दिवस फार कमी. लॅपटॉप बिघडला आणि दुरुस्तीला तालुक्याला गेला तर महिना कुठे जातो कळत नाही. ६० करा. जीमेलवर एक गंमत आहे: उतरवलेल्या मेलचं तिथे काय करायचं हे जीमेलच्या स्वतःच्या सेटिंगप्रमाणे होतं. तेव्हा ब्राउझरमध्ये जीमेल उघडून 'फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप' या पानावर पॉप चालू करा आणि तिथेही मेल इनबॉक्समध्येच ठेवायला सांगा.

खातं जोडायला चांगल्या नेटच्या जागी जा

हे काम सड्यावर करू नका. पहिली जोडणी जड असते. गूगलचं किंवा मायक्रोसॉफ्टचं लॉगिनचं पान उघडतं, फोनवर खात्री करायचा निरोप येतो, आणि मध्येच रेंज गेली की सगळं पहिल्यापासून. मी काकांचा लॅपटॉप त्यांच्या भाच्याकडे रत्नागिरीला नेऊन ब्रॉडबँडवर जोडून आणला. एका संध्याकाळचं काम.

थंडरबर्ड उघडा. नाव, मेलचा पत्ता आणि पासवर्ड टाका, 'कंटिन्यू' दाबा. नेहमीच्या मेलसेवांची माहिती तो आपणहून शोधतो आणि आयमॅप की पॉप३ हा पर्याय दाखवतो. ठरवलं होतं ते निवडा, 'डन' दाबा. जीमेल असेल तर गूगलची लॉगिनची खिडकी उघडेल, तिथे परवानगी द्या.

जुन्या व्हिडिओंमध्ये 'लेस सिक्युअर अ‍ॅप्स' नावाचं बटण चालू करायला सांगतात. ते शोधत बसू नका. गूगलने साध्या खात्यांसाठी ती वाट ३० मे २०२२ पासून बंद केली, मायक्रोसॉफ्टने आपल्या वैयक्तिक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून. आता लॉगिनच्या खिडकीतूनच जायचं. थंडरबर्डच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये ऑथेंटिकेशनपुढे 'ओऑथ२' लिहिलेलं दिसलं की बरोबर आहे.

ऑफिसचा किंवा स्वतःच्या डोमेनचा मेल असेल आणि माहिती आपोआप सापडली नाही, तर हाताने भरावी लागते. सर्व्हरचं नाव ज्याने मेल दिला त्याच्याकडून घ्या. पोर्ट (सर्व्हरच्या कोणत्या दाराने आत जायचं तो आकडा) मात्र सगळीकडे जवळपास तेच: आयमॅपसाठी ९९३, पॉपसाठी ९९५, दोन्हींना 'एसएसएल/टीएलएस'. पाठवण्यासाठी ४६५ ला 'एसएसएल/टीएलएस' किंवा ५८७ ला 'स्टार्टटीएलएस'. १४३, ११० हे जुने उघड्या वाटेचे आकडे कुणी दिले तर आधी वरचे चालतात का बघा. आणि हो, आकडे इंग्रजीत टाईप करायचे.

आता खरा खड्डा. आयमॅप खातं जोडलं की थंडरबर्ड न विचारता सगळे फोल्डर, सगळ्या तारखांचे मेल, जोडलेल्या फायलींसकट उतरवायला लागतो. जीमेलची फुकटची जागा १५ जीबी आहे, आणि बऱ्याच जणांची ती भरत आलेली असते. रोजचा दीड जीबी डेटा असलेल्या फोनवर हे झालं तर दुपारपर्यंत डेटा संपतो आणि मेल अजून मागच्या दिवाळीपर्यंतच पोचलेला असतो. म्हणून हॉटस्पॉटवर जोडणं भागच असेल तर 'डन' झाल्याबरोबर खिडकीच्या अगदी खाली डाव्या कोपऱ्यातल्या छोट्या चिन्हावर क्लिक करा. त्याने थंडरबर्ड ऑफलाईन होतो. मग शांतपणे पुढची सेटिंग्ज करा आणि पुन्हा त्याच चिन्हावर क्लिक करून ऑनलाईन या. हे चिन्ह नीट बघून ठेवा, रोज लागणार आहे.

किती उतरवायचं

'अकाउंट सेटिंग्ज' मध्ये आपल्या खात्याखाली 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज' असं पान आहे (पॉप खात्याला तिथे 'डिस्क स्पेस' असतं). आयमॅपवाल्यांची सगळी भिस्त या पानावर.

सगळ्यात वर 'कीप मेसेजेस फॉर धिस अकाउंट ऑन धिस कॉम्प्युटर'. याला टिक हवीच. ही नसेल तर मेलचा मजकूर तुमच्याकडे राहतच नाही.

त्याच्याशेजारी 'अ‍ॅडव्हान्स्ड' बटण. ते दाबलं की फोल्डरांची यादी येते, हवे त्यांनाच टिक ठेवायची. इनबॉक्स, पाठवलेले आणि कामाचे दोन-तीन फोल्डर पुरतात. जीमेल असेल तर 'ऑल मेल' ची टिक काढा. इनबॉक्समधला प्रत्येक मेल तिथेही दिसतो, आणि ज्या जुन्या पसाऱ्यापासून आपण पळतोय तो सगळा तिथेच साठलेला असतो. 'स्पॅम' चीही काढा.

खाली 'सिंक्रोनाईझ द मोस्ट रिसेंट' निवडून ३० दिवस करा. काकांना मागच्या हंगामाचे भाव बघावे लागतात म्हणून त्यांना मी सहा महिने ठेवलेत, पण ते रत्नागिरीच्या ब्रॉडबँडवर एकदाच उतरवून आणले. त्याहून जुन्या मेलची फक्त नावं दिसतील, मजकूर नेट असतानाच उघडेल.

मग 'डोन्ट डाउनलोड मेसेजेस लार्जर दॅन'. पुढे आकडा केबीमध्ये. माझ्या अनुभवात ५० फार कमी पडतो, कारण कंपन्यांचे साधे मेलही सहीतल्या लोगोमुळे त्याच्या वर जातात. ५०० करा. कुणीतरी लग्नाचे बारा फोटो पाठवले तर तेवढेच वर राहतील, बाकी टपाल अडणार नाही. पॉपमध्ये हीच मर्यादा घातली की मोठ्या मेलच्या पहिल्या काही ओळी येतात आणि 'उरलेला उतरवा' अशा अर्थाची लिंक दिसते. हवा तो मेल निवडून पुढच्या खेपेला आणायचा. काकांच्या खात्यावर मी ही मर्यादा २००० ठेवली, कारण त्यांच्याकडे ऑर्डर पीडीएफमध्ये येते, आणि ऑर्डरच वर राहिली तर सड्यावर चढून काय उपयोग.

याच पानावर सगळ्यात खाली डिस्कची जागा वाचवण्यासाठी म्हणून दोन पर्याय असतात: ठरावीक संख्येपेक्षा जास्त मेल पुसा, किंवा इतक्या दिवसांपेक्षा जुने पुसा. दिसायला वरच्या '३० दिवस' सारखेच, आणि लोक नेमके त्यालाच वरचं समजतात. हा पर्याय तुमच्या डिस्कवरचे मेल पुसतो आणि सर्व्हरवरचे मूळ मेलही पुसतो. परत येत नाहीत. माझ्या एका मित्राने 'तीसच दिवस हवेत' म्हणून इथे ३० टाकले, आणि दुसऱ्या दिवशी फोनवरूनही त्याची चार वर्षं गेलेली होती. इथे 'डोन्ट डिलीट एनी मेसेजेस' हेच राहू द्या आणि त्या भागाकडे पुन्हा बघू नका.

सर्व्हर सेटिंग्जमधलं 'चेक फॉर न्यू मेसेजेस एव्हरी' दहा मिनिटांवर असतं. नेट नसताना दर दहा मिनिटांनी तो कनेक्शन होत नसल्याची तक्रार करत राहील. टिक काढून टाका. आयमॅपमध्ये तिथेच 'अ‍ॅडव्हान्स्ड' खाली सर्व्हरशी एका वेळी किती जोडण्या ठेवायच्या याचा आकडा असतो, सहसा ५. दोन काड्यांच्या रेंजवर पाच जोडण्या एकमेकींची वाट अडवतात. २ करा, फरक दिसतो.

सड्यावरची दहा मिनिटं

काकांची चूक आता सांगता येईल. थंडरबर्ड आधी मेलांची नावं आणतो, म्हणजे यादी लगेच भरते. मजकूर मागाहून, गुपचूप, त्याला वेळ मिळेल तसा उतरत असतो. यादी भरली म्हणजे झालं असं वाटतं, आणि झाकण मिटलं की उरलेलं तसंच राहतं. म्हणून त्याच्या मर्जीवर न सोडता एकदाच सांगून टाकायचं.

१. वर जाण्याआधी घरीच थंडरबर्ड उघडा आणि ऑफलाईन असल्याची खात्री करा. लॅपटॉप बंद न करता झोपवून न्या, वर सुरू होण्यात चार मिनिटं जायला नकोत.

२. हॉटस्पॉट जोडा. विंडोजमध्ये त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. हे एकदाच करायचं, त्या हॉटस्पॉटसाठी ते लक्षात राहतं. नाहीतर विंडोजला नेटचा वास लागला की तो स्वतःचे अपडेट ओढायला लागतो आणि तुमचा मेल रांगेत मागे.

३. 'आल्ट' दाबलं की वर मेनूची पट्टी येते. 'फाईल', मग 'ऑफलाईन', मग 'डाउनलोड/सिंक नाऊ'.

४. छोटी खिडकी उघडेल. त्यात 'मेल मेसेजेस' ला टिक, 'सेंड अनसेंट मेसेजेस' ला टिक, आणि 'वर्क ऑफलाईन वन्स डाउनलोड अँड/ऑर सिंक इज कम्प्लीट' ला टिक. 'ओके'.

५. आता काही करू नका. मेल उघडून वाचू नका, शोधू नका. खाली डाव्या कोपऱ्यातलं चिन्ह आपोआप ऑफलाईनचं झालं की सगळं उतरलं, लिहून ठेवलेलं सगळं गेलं. मग झाकण मिटा.

चौथ्या पायरीतली तिसरी टिक ही या सगळ्या लेखातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. काम संपलं का हे आकडे वाचून ओळखायचं नाही, चिन्ह बदललं की उतरायचं. काकांना मी एवढंच सांगितलं: "ते चिन्ह बदलेपर्यंत गडग्यावर बसून राहा." आता ते वर जाताना शेंगदाणे घेऊन जातात.

खात्री हवी असेल तर 'टूल्स' मध्ये 'अ‍ॅक्टिव्हिटी मॅनेजर' उघडा. कोणत्या फोल्डरमध्ये काय उतरलं ते तिथे ओळीने दिसतं. पॉपवाल्यांचं काम आणखी सोपं: 'शिफ्ट' आणि 'एफ५' एकत्र दाबलं की सगळ्या खात्यांचा नवा मेल येतो, पूर्ण येतो.

'सेटिंग्ज' च्या 'जनरल' मध्ये खाली 'नेटवर्क अँड डिस्क स्पेस' असा भाग आहे, तिथलं 'ऑफलाईन' बटण दाबून एकदा बघून घ्या. सुरू होताना ऑनलाईन की ऑफलाईन हे तिथे ठरतं. आणि ऑनलाईन येताना रांगेतले मेल पाठवायचे का, हेही. मी 'विचारा' वर ठेवतो. रात्री रागात लिहिलेला मेल सकाळी पाठवायचा की नाही, हे ठरवायला एक संधी मिळते.

उत्तरं लिहिणं आणि पाठवणं

ऑफलाईन असताना मेल लिहिलात की पाठवण्याचं बटण आपोआप 'सेंड लेटर' होतं. तो मेल 'लोकल फोल्डर्स' खालच्या 'आउटबॉक्स' मध्ये जाऊन बसतो. ऑनलाईन असतानाही रांगेत ठेवायचा असेल तर 'कंट्रोल', 'शिफ्ट' आणि 'एंटर'. मेल पाठवायचं विसरलो असं वाटलं तर आधी आउटबॉक्स बघा, ड्राफ्ट्स नंतर.

वर चढवायला रेंज नेहमीच खाली उतरवण्यापेक्षा कमी मिळते, म्हणून फाईल जोडताना दोन हिशेब लक्षात ठेवा. एक, जोडलेली फाईल मेलमधून जाताना अक्षरांच्या रूपात बांधली जाते आणि तिचा आकार एक तृतीयांशाहून थोडा जास्तच वाढतो. तीन एमबीचा स्कॅन चार एमबीच्या वर जातो. सेकंदाला ३० किलोबाईटचा वेग मिळाला तर त्याला सव्वादोन मिनिटं.

दुसरा हिशेब लोकांना माहीतच नसतो. आयमॅप खात्यात मेल पाठवून झाल्यावर थंडरबर्ड त्याची एक प्रत 'सेंट' फोल्डरसाठी सर्व्हरवर पुन्हा चढवतो. म्हणजे तोच चार एमबी दोनदा. "मेल गेला, पण 'कॉपीइंग मेसेज टू सेंट फोल्डर' वर अडकलाय" ही तक्रार मला महिन्यातून एकदा तरी ऐकायला येते. त्यात लोक घाबरून रद्द करतात, परत पाठवतात, आणि समोरच्याला तेच बिल तीनदा मिळतं. जीमेल पाठवलेल्या मेलची प्रत स्वतःच ठेवतो, तिथे ही दुसरी फेरी नको. इतर खात्यांसाठी 'कॉपीज अँड फोल्डर्स' मध्ये प्रत ठेवण्याची जागा 'लोकल फोल्डर्स' मधल्या 'सेंट' वर न्या. फोनवर ती प्रत दिसणार नाही, एवढी किंमत मोजावी लागते.

ऑफलाईन असताना पुसलेले, हलवलेले, तारांकित केलेले मेल थंडरबर्ड टिपून ठेवतो आणि पुढच्या जोडणीत सर्व्हरला कळवतो. त्यामुळे आवराआवर घरीच करा, वर जाऊन नाही.

मध्येच तुटलं तर

तुटणारच. घाबरायचं कारण नाही. पॉपमध्ये 'हा मेल पुसा' असं सांगितलं तरी सर्व्हर तो लगेच पुसत नाही, फक्त खूण करतो. प्रोग्रामने रीतसर निरोप घेतला की मगच पुसतो. मध्येच लाईन गेली तर खुणा रद्द, मेल जागच्या जागी. वाईटात वाईट, पुढच्या वेळी एखादा मेल दोनदा उतरेल. आयमॅपमध्ये तर मूळ सर्व्हरवरच असतं.

दुखणं वेगळंच आहे: अर्धा उतरलेला मोठा मेल पॉपमध्ये पुढच्या वेळी जिथे थांबला तिथून सुरू होत नाही, पहिल्यापासून सुरू होतो. आठ एमबीच्या एका मेलमागे सगळी टपाल तीन दिवस अडकलेली मी पाहिली आहे. वरची आकाराची मर्यादा मुख्यतः याच्यासाठी.

रेंज आहे पण 'कनेक्शन टाईम्ड आउट' येत असेल तर बहुतेक वेळा सर्व्हर उत्तर देत असतो, ते पोचायला उशीर होतो. 'सेटिंग्ज', 'जनरल', अगदी तळाशी 'कॉन्फिग एडिटर', तिथे 'टीसीपीटाईमआउट' असं शोधा. 'मेलन्यूज' ने सुरू होणारी ओळ येईल. त्यातला आकडा सेकंदांत असतो. ३०० करा. त्या खोलीत दुसऱ्या कशाला हात लावू नका.

आणि सर्टिफिकेट (सर्व्हरचं ओळखपत्र) चुकीचं आहे असा इशारा आला तर आधी कॉम्प्युटरचं घड्याळ बघा. वारंवार लाईट जाणाऱ्या गावात जुन्या डेस्कटॉपची आतली छोटी बॅटरी संपलेली असते, मशीन चालू केलं की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि मग प्रत्येक सर्व्हर त्याला खोटा वाटतो. तारीख नीट केली की इशारा जातो. तारीख बरोबर असूनही इशारा आला तर मात्र 'अपवाद करा' दाबू नका, दुसऱ्या नेटवरून करून बघा.

डिस्कवरच्या टपालाची काळजी

पॉपवाल्यांनी हे नक्की वाचावं, कारण सर्व्हरवरची मुदत संपल्यावर त्यांची टपाल फक्त त्यांच्या डिस्कवर उरते. 'हेल्प' मध्ये 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन', तिथे 'प्रोफाईल फोल्डर' पुढचं 'ओपन फोल्डर'. तो फोल्डर उघडला की थंडरबर्ड बंद करा आणि अख्खा फोल्डर पेनड्राईव्हवर घ्या. चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते. सहसा अख्खा इनबॉक्स ही एकच मोठी फाईल असते. त्यातल्या एका मेलमध्ये व्हायरस सापडला म्हणून अँटीव्हायरसने ती फाईलच उचलून नेल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा अँटीव्हायरसमध्ये या फोल्डराला सूट द्या.

लिनक्सवाल्यांसाठी

टर्मिनलची भीती नसेल तर फेचमेल बघा. एरिक रेमंड यांनी १९९६ मध्ये पॉपक्लायंट नावाचा प्रोग्राम हाती घेऊन त्यातून तो घडवला, आणि तो डायल-अपच्या काळातल्या अधूनमधून जोडल्या जाणाऱ्या मशीनचा लाडका होता. तो मेल दाखवत नाही, फक्त आणून तुमच्या मशीनच्या स्थानिक टपालखान्याच्या हवाली करतो. त्याची एकच सेटिंगची फाईल घरच्या फोल्डरात असते, तिच्यात पासवर्ड असतो, म्हणून तिचे हक्क सहाशे करा, म्हणजे ती फक्त तुम्हालाच वाचता-लिहिता येईल. ती इतरांना वाचता येत असेल तर फेचमेल चालायलाच नकार देतो. जीमेलसाठी साधा पासवर्ड चालत नाही. दोन पायऱ्यांची पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा 'अ‍ॅप पासवर्ड' घ्यावा लागतो. फाईलमध्ये 'कीप' लिहिलंत तर सर्व्हरवरचा मेल राहतो, 'लिमिट' ने आकाराची मर्यादा घालता येते, बाईट्समध्ये.

सगळीकडे 'सेट डीमन ९००' लिहायला सांगतात, म्हणजे दर पंधरा मिनिटांनी एक फेरी. नेट कधीमधीच असलेल्या मशीनवर ती ओळ लिहू नका. त्याऐवजी नेटवर्क मॅनेजरच्या (लिनक्सवर नेटच्या जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) 'डिस्पॅचर डॉट डी' या फोल्डरात चार ओळींची स्क्रिप्ट ठेवा, जी जोडणी 'अप' झाली की तुमच्या नावाने फेचमेल एकदाच चालवेल. ती फाईल रूटच्या (मशीनच्या मुख्य खात्याच्या) मालकीची आणि चालवता येण्याजोगी हवी, नाहीतर नेटवर्क मॅनेजर तिला चालवत नाही.